‘भारतीय’ आतडे नावाचे काही असते काय? : आतड्यातील जीवाणूंवरील संशोधनातील लोकसमूहाच्या कल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना :

मानवी आतड्यातील, विशेषतः मोठ्या आतड्यातील, सूक्ष्मजीवांचा अभ्यास हा गेल्या दोन दशकांत जीवशास्त्राचा एक अग्रगण्य विषय झाला आहे. आपण न पचवलेले तंतुमय अन्न हे जीवाणू आंबवतात, त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट यांसारखी आम्ले निर्माण होतात आणि त्यांचा परिणाम आतड्याच्या अस्तरापासून रोगप्रतिकारशक्तीपर्यंत सर्वत्र होतो, हे आता सर्वमान्य आहे. तथापि हे जीवाणू सर्व माणसांत सारखे नसतात. ते व्यक्तीगणिक बदलतात आणि लोकसमूहागणिकही बदलतात. या दुसऱ्या विधानाशी समाजशास्त्राच्या अभ्यासकाचा थेट संबंध येतो, कारण ‘लोकसमूह’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न सूक्ष्मदर्शकाखाली सुटणारा नाही.

या विषयावर पुणे शहरात झालेले आणि त्याच्याशी निगडित असलेले संशोधन विचारात घेऊन, त्यात माणसांची विभागणी कोणत्या निकषांवर केली जाते, ते निकष कितपत टिकतात आणि त्यांचे सामाजिक परिणाम काय संभवतात, याची चिकित्सा करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. संशोधकांच्या प्रयोगशाळेतील कौशल्याविषयी येथे शंका घेतलेली नाही. चर्चा आहे ती नमुन्याच्या बाटलीवर चिकटवल्या जाणाऱ्या चिठ्ठीची.

जागतिक पार्श्वभूमी :

२०१० साली इटलीतील फ्लॉरेन्स शहरातील मुले आणि आफ्रिकेतील बुर्किना फासोच्या एका खेड्यातील मुले यांच्या आतड्यातील जीवाणूंची तुलना प्रसिद्ध झाली. ज्वारी, बाजरीवर्गीय धान्ये व कडधान्ये खाणाऱ्या आफ्रिकी मुलांत प्रिव्होटेला या प्रजातीचे प्राबल्य आढळून आले. त्याच वर्षी जपानी लोकांच्या आतड्यातील जीवाणूंत समुद्रशेवाळातील शर्करा फोडणारी जनुके सापडली. ही जनुके मुळात सागरी जीवाणूंची होती आणि शेवाळ खाण्याच्या परंपरेतून ती आतड्यापर्यंत पोहोचली असावीत, असा अर्थ लावण्यात आला. २०१२ साली अमेरिका, मलावी व व्हेनेझुएलातील ॲमेझॉनचा प्रदेश येथील ५३१ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अमेरिकी लोकांचे जीवाणू अन्य दोन समूहांहून स्पष्टपणे वेगळे दिसले.

या दोन वर्षांच्या मध्ये, २०११ साली, सर्व मानवजातीची तीन ‘एंटेरोटाइप’मध्ये, म्हणजे आतड्याच्या तीन प्रकारांत, विभागणी करणारा बहुचर्चित निबंध प्रसिद्ध झाला होता. त्यासाठी वापरलेले नमुने मोजक्या देशांतील व मोजक्या व्यक्तींचे होते. पुढील काळात या तीन कप्प्यांच्या भिंती फारशा पक्क्या नसून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू बदलत जाणारी ती एक सलग पट्टी आहे, असा आक्षेप अनेकांनी घेतला. नमुने थोडे असले की निसर्गातील सलगता कप्प्यांसारखी भासते, हा या चर्चेतून मिळणारा पहिला धडा होय.

दुसरा धडा विषमतेचा आहे. २०२२ साली सार्वजनिक संग्रहांतील मानवी सूक्ष्मजीवांच्या नमुन्यांचा हिशेब मांडण्यात आला. ज्या नमुन्यांचा देश ज्ञात आहे त्यांपैकी ७१ टक्क्यांहून अधिक नमुने युरोप, अमेरिका व कॅनडा येथील होते. एकट्या अमेरिकेचा वाटा ४६.८ टक्के होता, तर तिची लोकसंख्या जगाच्या ४.३ टक्के. याउलट जगातील चतुर्थांशाहून अधिक लोक ज्या मध्य व दक्षिण आशियात राहतात, त्या भागाचा वाटा अवघा १.८ टक्के होता. ‘निरोगी मनुष्याचे आतडे’ म्हणून जे चित्र पाठ्यपुस्तकांत येते, ते कोणाच्या आतड्यावरून काढलेले आहे, हे या आकड्यांवरून स्पष्ट व्हावे.

पुण्यातील संशोधनाचे योगदान :

या पार्श्वभूमीवर पुण्यातील संशोधनाचे महत्त्व निर्विवाद आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या परिसरातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयाची भारतात पायाभरणी केली. २०१२ साली नचिकेत मराठे, सुदर्शन शेट्टी, आघारकर संशोधन संस्थेतील विक्रम लांजेकर व दिलीप रानडे आणि शौचे यांनी दोन कुटुंबांतील सहा व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच छपराखाली राहणाऱ्या तीन पिढ्यांतील प्रत्येकी एक व्यक्ती निवडून वयानुसार जीवाणू कसे बदलतात, हे त्यात पाहिले होते. नमुना लहान होता, परंतु एकत्र कुटुंबाकडे संशोधनाचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी त्यात होती. २०१३ साली शेट्टी, मराठे व शौचे यांनी भारतीय लोकसंख्येत अशा संशोधनाला असलेल्या संधी व अडचणी यांवर स्वतंत्र लेख लिहिला.

२०१६ साली याच गटाच्या निबंधात भारतीय व्यक्तींच्या आतड्यांत प्रिव्होटेला व मेगास्फेरा या प्रजातींचे प्राबल्य असल्याचे मांडण्यात आले. भारतीयांचे जीवाणू अमेरिकी लोकांहून भिन्न, मात्र बांगलादेशी लोकांशी बरेच मिळतेजुळते आहेत, असेही त्यात नमूद आहे. २०१८ साली पुण्यातील टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या संशोधन विभागातील शर्मिला मांडे व सहकाऱ्यांनी अहमदाबाद येथील प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२० साली राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राने पुन्हा एकत्र कुटुंबाकडे वळून सहा कुटुंबांतील ५४ व्यक्तींच्या आतडे, मुख व त्वचा यांवरील जीवाणूंचा अभ्यास मांडला. भोपाळच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेने २०१९ साली भोपाळ व केरळ येथील ११० व्यक्तींचा तपशीलवार जनुकीय अभ्यास केला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

‘भारतीय’ या विशेषणाची मर्यादा :

आता मूळ मुद्द्याकडे वळू. प्रिव्होटेलाचे प्राबल्य हे ‘भारतीय’ आतड्याचे वैशिष्ट्य मानावे काय? हीच प्रजाती बुर्किना फासोच्या मुलांत विपुल आहे. २०१५ साली गुवाहाटीच्या संशोधकांनी आसाम, मणिपूर, सिक्कीम व तेलंगण येथील पंधरा आदिवासी जमातींचा अभ्यास केला, त्यांतही तिचेच प्राबल्य दिसले. आसाममधील जमाती, भोपाळचे रहिवासी, अहमदाबादचे शहरवासी आणि बुर्किना फासोचे खेडूत यांना जोडणारा धागा राष्ट्रीयत्वाचा नाही. तो धान्य, कडधान्य व तंतुमय अन्नावर आधारलेल्या जीवनपद्धतीचा आहे. बांगलादेशाशी दिसलेले साम्यही हेच सांगते. १९४७ साली आखलेली सीमा जीवाणूंनी ओळखावी, अशी अपेक्षा करण्याचे कारण नाही.

याचा आणखी सबळ पुरावा स्थलांतरितांच्या अभ्यासात मिळतो. २०१८ साली आग्नेय आशियातून अमेरिकेत गेलेल्या ह्मोंग व कॅरेन समाजांवरील निबंध प्रसिद्ध झाला. स्थलांतरानंतर थोड्याच काळात त्यांच्या जीवाणूंचे वैविध्य घटू लागते, प्रिव्होटेलाची जागा बॅक्टेरॉइड्स घेऊ लागते आणि पुढील पिढीत हा बदल अधिक तीव्र होतो, असे त्यात आढळले. माणसे तीच, रक्त तेच, आडनाव तेच, परंतु आतडे बदलले. मग एखाद्या जीवाणूला एखाद्या राष्ट्राची किंवा वंशाची खूण मानणे कितपत सयुक्तिक ठरेल?

२०१६ च्या निबंधाच्या लेखकांना या मर्यादेची जाणीव आहे, हे मान्य केले पाहिजे. भारतातील उपसमूहांची वैशिष्ट्ये स्वतंत्रपणे शोधण्याची निकड त्यांनीच व्यक्त केली आहे. परंतु शीर्षकातील विशेषण वाचकाच्या मनात राहते आणि मर्यादांचा परिच्छेद विसरला जातो. अहमदाबादच्या अभ्यासाच्या शीर्षकात ‘भारताचा पश्चिम विभाग’ असा उल्लेख आहे. पश्चिम विभागात कोकणातील मच्छीमार येतात, सातपुड्यातील भिल्ल येतात, सोलापूरचा ज्वारी खाणारा शेतकरीही येतो. एका शहराच्या नमुन्याने या सर्वांचे प्रतिनिधित्व होते, असे शीर्षकाने नकळत सुचवले जाते.

आहाराची ढोबळ वर्गवारी :

दुसरा आक्षेप आहाराच्या नोंदीविषयी आहे. अशा अभ्यासांत आहाराची नोंद पुष्कळदा ‘शाकाहारी’ किंवा ‘मांसाहारी’ अशा एका शब्दात होते. महाराष्ट्रापुरता विचार केला तरी ही वर्गवारी किती अपुरी आहे, हे ध्यानात येते. देशावरील ज्वारी-बाजरीची भाकरी, कोकणातील भात, घाटमाथ्यावरील नाचणी आणि शहरातील मैद्याचे पदार्थ या चारही आहारांना ‘शाकाहारी’ हेच नाव पडू शकते. परंतु आतड्यातील जीवाणूंच्या दृष्टीने हे चार भिन्न आहार आहेत, कारण त्यांतील तंतूंचे प्रमाण व स्वरूप भिन्न आहे. उलटपक्षी स्वतःस ‘मांसाहारी’ म्हणवणाऱ्या अनेक मराठी घरांत मांस वा मासळी आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशीच शिजते आणि श्रावणात तीही बंद होते. अशा व्यक्तीला रोज मांस खाणाऱ्या युरोपीय व्यक्तीच्या रकान्यात बसवणे हा केवळ भाषेचा अपघात ठरेल.

काळाचा घटकही येथे महत्त्वाचा आहे. आषाढी, श्रावणी सोमवार, चातुर्मास, रमजान यांमुळे आहार ऋतूनुसार व व्रतांनुसार बदलतो. उपासाच्या दिवशी ताटात साबुदाणा, वरई, शेंगदाणे येतात. तसेच गेल्या अर्धशतकात शिधावाटप व्यवस्थेतून मिळणाऱ्या गहू-तांदळामुळे ज्वारीचे स्थान अनेक घरांत घटले. जीवाणूंचा एका दिवशी घेतलेला नमुना या साऱ्या इतिहासाच्या कोणत्या टप्प्यावर घेतला, हे नोंदवले नाही तर त्याचा अर्थ लावणे कठीण होते.

एकत्र कुटुंब : स्थिर की विषम?

२०२० सालचा एकत्र कुटुंबांचा अभ्यास रचनेच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. अनुवंश, घर, अन्न व पाणी सारखे असल्याने वयाचा परिणाम निखळ स्वरूपात दिसेल, ही त्यामागील भूमिका होय. आतड्याच्या बाबतीत, जनुकक्रमातील साम्यावरून पाडलेल्या जीवाणूंच्या गटांपैकी केवळ ६९ गट, म्हणजे १.०३ टक्के, तीन पिढ्यांत भिन्न प्रमाणात आढळले. अन्य घटक स्थिर ठेवल्यास वय व जीवाणू यांचा संबंध नेमकेपणाने दाखवता येतो, असा लेखकांचा निष्कर्ष आहे.

परंतु एकत्र कुटुंब हा खरोखरच स्थिर घटक आहे काय? पितृवंशीय कुटुंबात मुलगे घरात राहतात आणि सुना बाहेरून येतात. सासू व सून यांचे रक्ताचे नाते नसते, मात्र स्वयंपाकघर एकच असते. घरातील पुरुष व मुले आधी जेवतात आणि स्त्रिया मागाहून, उरलेल्यावर, ही पद्धत अनेक घरांतून अद्याप गेलेली नाही. उपासांचा भारही स्त्रियांवर अधिक असतो. थोडक्यात, चूल एक असली तरी ताट एक नसते. स्त्री-अभ्यासाने गेली कित्येक दशके मांडलेला हा मुद्दा जीवाणूंच्या संशोधनात शिरलेला दिसत नाही.

विशेष म्हणजे हाच दोष संशोधनाची संधी ठरू शकतो. विवाहानंतर घरात आलेल्या सुनेचे जीवाणू किती काळाने सासरच्या माणसांसारखे होतात, की माहेरचेच राहतात? अनुवंश आणि सहवास यांची फारकत करून पाहण्याची याहून सोपी नैसर्गिक रचना क्वचितच मिळेल. इस्राएलमधील १,०४६ व्यक्तींवरील २०१८ च्या अभ्यासात, आतड्यातील जीवाणू घडवण्यात अनुवंशापेक्षा परिसराचा वाटा फार मोठा असतो, असे दिसून आले होते. त्या निष्कर्षाची पडताळणी मराठी कुटुंबांत उत्तम रीतीने होऊ शकते.

अंतर्विवाही समूह आणि इरावती कर्वे यांचा वारसा :

सर्वांत गंभीर प्रश्न याच्या पुढचा आहे. राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या पुढाकाराने भारतातील निवडक अंतर्विवाही समूहांच्या सूक्ष्मजीवांचा देशव्यापी प्रकल्प हाती घेण्यात आला. ‘अंतर्विवाही समूह’ या शास्त्रीय शब्दाचे व्यवहारातील भाषांतर ‘जात’ वा ‘जमात’ असेच होते. ‘भारतीय’ या विशेषणाहून हे एकक अधिक सूक्ष्म आहे, हे खरे. परंतु ते अधिक धोक्याचेही आहे.

या वाटेने पुणे पूर्वी एकदा गेलेले आहे. डेक्कन कॉलेजमध्ये इरावती कर्वे (१९०५-१९७०) यांनी जातिसमूहांच्या शरीरमापनाचे काम दीर्घकाळ केले. १९६८ साली कर्वे व कैलाश मल्होत्रा यांनी समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही समूहांची, म्हणजे महाराष्ट्रातील ब्राह्मण पोटजातींची, जैविक तुलना प्रसिद्ध केली. हे समूह एकाच वर्णात गणले जात असले तरी जैविकदृष्ट्या एकजिनसी नाहीत, हे त्यातून पुढे आले. याचा तात्पर्यार्थ असा की सामाजिक दर्जा आणि जैविक साम्य या दोन निराळ्या बाबी आहेत. त्यामुळे ‘उच्च जाती’, ‘मागास जाती’ असे ढोबळ गट करून कोणी जीवाणूंची सरासरी काढली, तर ती कर्वे यांच्या कार्याच्या अगोदरच्या काळात परतण्यासारखे होईल.

येथे दुसरीही बाजू आहे. मल्होत्रा यांनी माधव गाडगीळ यांच्यासमवेत १९८३ साली असे मांडले, की निरनिराळ्या जाती परिसरातील निरनिराळ्या नैसर्गिक संसाधनांवर उपजीविका करीत आल्या. हे खरे मानले तर जातिगणिक जीवाणू भिन्न असणे शक्य आहे. परंतु त्या भिन्नतेचे कारण रक्त नसून व्यवसाय, पाणवठा, जमीन व अन्न यांची असमान वाटणी हे असेल. विवाहाचे बंधन आणि अन्नाचे बंधन आपल्या समाजात एकत्र नांदत आले. ‘रोटी-बेटी व्यवहार’ हा जोडशब्दच त्याची साक्ष देतो. संशोधक ‘बेटी’ हे एकक धरून नमुने घेतात, तर जीवाणूंवर परिणाम मुख्यतः ‘रोटी’चा होतो. ही दोन बंधने विश्लेषणात वेगळी केली नाहीत, तर सामाजिक विषमतेचा परिणाम हा त्या समूहाचा निसर्गदत्त गुणधर्म म्हणून मांडला जाण्याचा धोका आहे. या संपूर्ण चर्चेत पणाला लागलेली गोष्ट हीच होय.

आरोग्यविषयक दावे :

जीवाणूंना ‘चांगले’ व ‘वाईट’ ठरवण्याची घाईही तपासली पाहिजे. २०१३ साली न्यूयॉर्कमधील अभ्यासात ‘प्रिव्होटेला कोप्री’ या जीवाणूचा संबंध नव्याने जडलेल्या संधिवाताशी जोडला गेला. २०१५ साली स्वीडनमध्ये सातूचा पाव खाल्ल्यावर ज्यांची रक्तशर्करा सुधारली, त्यांच्यात प्रिव्होटेला अधिक आढळली. २०१६ साली डेन्मार्कमध्ये तोच जीवाणू इन्सुलिनला दाद न देण्याच्या अवस्थेशी निगडित दिसला. पुढे २०१९ साली असे स्पष्ट झाले की ज्याला एक जीवाणू समजले गेले, त्यात किमान चार स्वतंत्र शाखा आहेत आणि पाश्चात्त्य जीवनपद्धतीपासून दूर असलेल्या लोकांत त्या एकत्र नांदतात. आता तर त्याचे नावही ‘सेगाटेला कोप्री’ असे बदलले आहे. युरोपीय रुग्णावरून काढलेला निष्कर्ष भाकरी खाणाऱ्या माणसाला जसाच्या तसा लागू करणे अशास्त्रीय ठरेल, हे यावरून उघड होते.

परक्या मापाने आपले शरीर मोजण्यातील धोका पुण्यातूनच जगाला दाखवला गेला आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३ होता, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. जी गोष्ट वजनकाट्याची, तीच जीवाणूंच्या चाचणीची. परदेशी नमुन्यांवर बेतलेल्या ‘आदर्श’ आतड्याशी तुलना करून सल्ला देणाऱ्या चाचण्या व पूरके आज बाजारात उपलब्ध आहेत. त्यांच्या अहवालातील ‘सामान्य’ हा शब्द कोणत्या लोकसमूहावरून आला, हे ग्राहकाने विचारले पाहिजे.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी निष्पन्न होतात. आतड्यातील जीवाणू लोकसमूहानुसार भिन्न असतात, हे सत्य आहे. परंतु राष्ट्र, विभाग वा जात ही त्या भिन्नतेची कारणे नसून बहुधा ती अन्न, पाणी, श्रम व सहवास यांची ढोबळ प्रतीके आहेत. पुण्यातील संशोधनाने जागतिक विषमतेत भारताची जागा निर्माण केली, आणि एकत्र कुटुंबाचा उपयोग करून एक अस्सल देशी संशोधनरचना दिली. त्या रचनेत स्त्रीचे ताट, व्रतांचे दिवस, शिधापत्रिकेवरील धान्य व स्थलांतराचा इतिहास यांची नोंद झाली, तर तिचे मोल कितीतरी वाढेल.

ही नोंद घेण्याचे काम प्रयोगशाळेचे नाही. ते समाजशास्त्र, गृहविज्ञान, भूगोल व मराठी या विभागांचे आहे. एखाद्या तालुक्यातील घरोघरच्या आहाराची वर्षभराची काटेकोर नोंद हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहज पेलणारा प्रकल्प आहे आणि त्यासाठी महागड्या यंत्रांची आवश्यकता नाही. आंतरविद्याशाखीय संशोधनाविषयी आपल्या महाविद्यालयांतून पुष्कळ बोलले जाते. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागाने बाटलीवर चिठ्ठी लावण्यापूर्वी समाजशास्त्राच्या विभागाला ती वाचायला दिली, तर त्या बोलण्याला काही अर्थ येईल.